ताडपत्रीखालची कॉन्टेसा

त्र्यंबक रोडने नाशिकहून निघालं की मायको सर्कल, मग सातपूरची औद्योगिक वसाहत, पपया नर्सरी असं एकेक मागे पडत जातं. महिरावणीच्या आसपास कारखान्यांच्या भिंती संपतात आणि द्राक्षबागा दिसू लागतात. वसाहत आणि शेती यांच्या या वेशीवर पत्र्याच्या शेडची पुष्कळ वर्कशॉपं आहेत. पुढच्या दारी लेथ, मागच्या दारी गोठा. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अशाच एका शेडमध्ये मी गेलो होतो. द्राक्षबागेच्या ब्लोअरचा पंप दुरुस्तीला दिला होता, तो आणायचा होता.

मालक सत्तरीचे. सातपूरच्याच एका कारखान्याच्या टूल रूममध्ये आयुष्य गेलेलं. निवृत्तीनंतर गावाकडच्या जागेत त्यांनी हे शेड घातलं. पंप शोधायला ते आत गेले, त्यांच्यामागे मीही गेलो. कोपऱ्यात खताच्या रिकाम्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि त्यांच्यामागे ताडपत्रीखाली काहीतरी लांबच लांब. ताडपत्रीचं एक टोक उंदरांनी कुरतडलं होतं. तिथून शेजारी-शेजारी बसवलेले दोन गोल हेडलाइट दिसत होते.

“काका, ही कॉन्टेसा?”

“हो.”

“बंद पडलीये?”

“बंद पडली नाही. बंद ठेवलीये,” काका म्हणाले.

अमेरिकेत असं शेड उघडलं आणि आत साठ-सत्तरच्या दशकातली मसल कार निघाली, तर त्याची बातमी होते. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत बसवलेलं दांडगं व्ही-८ इंजिन. १९६४ साली पॉन्टिअॅक कंपनीने टेम्पेस्ट या साध्या गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन घातलं आणि तिला जीटीओ नाव दिलं. या कल्पनेमागच्या मंडळींत जॉन डिलोरियन हा अभियंता होता. साध्या जीटीओची ताकद ३२५ अश्वशक्ती होती. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने मस्टँग आणली. पुढची सहा-सात वर्षं या गाड्यांची चढाओढ चालली. मग विम्याचे हप्ते वाढले, १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आला, १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं आणि हा खेळ आटोपला.

त्या वर्षांत आपल्याकडे काय होतं? मोठ्या अमेरिकन गाड्या महाराष्ट्राला नव्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेवरोले जोडायला सुरुवात केली होती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ च्या सुमारास कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ बनवायला घेतल्या. पुढे सरकारचं धोरण बदललं. देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम हाती नसलेल्या कंपन्यांना जागा उरली नाही आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचं काम गुंडाळलं. त्यानंतर परदेशी गाडी मिळवायची एक वाट उरली होती ती वकिलातींची. तिथल्या वापरलेल्या गाड्या सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे येत आणि तिथून विकल्या जात. शेवरोलेच्या इंपालाचं नाव मराठी घरांत श्रीमंतीला समानार्थी झालं ते या टंचाईमुळे. अमेरिकेत कारखान्यातला कामगार हप्त्यावर जीटीओ घेत होता, तेव्हा आपल्याकडे फियाटसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत होते.

त्यामुळे आपल्या शेडमध्ये निघायची ती कॉन्टेसाच. हिंदुस्तान मोटर्सने व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या बंद झालेल्या मॉडेलचे साचे आणले आणि १९८४ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही गाडी बाजारात काढली. लांब बॉनेट, पुढे चार गोल दिवे, मागच्या चाकांना ताकद. अंगकाठी थेट अमेरिकन थाटाची. इंजिन मात्र अॅम्बेसेडरचंच, १४८९ सीसीचं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं. पैलवानाच्या अंगरख्यात हेडमास्तर शिरावेत तसा प्रकार. पुढे जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा ताकद ८८ अश्वशक्तीपर्यंत गेली आणि अंगाला शोभेल असा आवाज आला. तरीही जीटीओच्या तुलनेत ती पाव हिश्श्याच्या थोडी वरच. असं असूनही जुन्या गाड्यांचे शौकीन आज कॉन्टेसाला भारताची मसल कार म्हणतात, आणि त्यात थट्टा कमी, माया जास्त असते. मारुती ८०० आणि प्रीमियर पद्मिनीच्या रांगेत ती उभी राहिली की डोळे तिच्याकडेच वळत. २००२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

काकांनी ताडपत्री ओढली. धुळीचा लोट उठला. रंग पांढरा, आता पिठूळ झालेला. एका कारखान्याने साहेबांसाठी घेतलेली ही गाडी १९९९ साली लिलावात निघाली, तेव्हा काकांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल काढून ती घेतली होती.

“जिच्यासाठी गेटवर सलाम ठोकायचो, तीच घरी आणली,” ते म्हणाले.

ओरिजिनल आहे का, हे तपासायची पद्धत शौकिनांच्या जगात पक्की ठरलेली आहे, आणि काकांसारख्या टूल रूमच्या माणसाला ती कुणी शिकवावी लागत नाही. त्यांनी लेथवरचा लोहचुंबक आणला आणि कापडात गुंडाळून मडगार्डवरून फिरवला. पत्रा असेल तिथे चुंबक धरतो, डेंटिंगवाल्याने पुट्टी भरली असेल तिथे सुटतो. डाव्या मागच्या दाराखाली वीतभर जागेत तो सुटला, बाकी सगळीकडे चिकटला. मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याची खूण असते, आणि सगळ्या खुणा एकाच जातीच्या असल्या तर काच फुटून बदललेली नाही असं धरायचं. बिजागरीच्या बोल्टवरचा रंग न तुटलेला, म्हणजे दारं कधी उतरवलेली नाहीत. इंजिनवर आणि चॅसिसवर ठोकलेले नंबर आर.सी. बुकातल्या नंबरांशी काकांनी बोट ठेवून जुळवले. शेवटी टायर. त्याच्या बगलेवर तारखेचे तीनच आकडे होते : २६८. सन २००० पासूनच्या टायरांवर चार आकडे असतात, दोन आठवड्याचे आणि दोन वर्षाचे. तीन आकडे म्हणजे त्याआधीचा टायर, त्यातला शेवटचा आकडा वर्षाचा. म्हणजे बहुधा १९९८ सालचा सव्विसावा आठवडा. लिलावात आले तेच टायर अजून खाली होते.

“इंजिन कधी बदलावंसं वाटलं नाही?”

काका हसले. “पैसे असते तर तेव्हाच डिझेल टाकलं असतं.”

हे वाक्य समजायला सातपूर ठाऊक असावं लागतं. पेट्रोल महागत गेलं तशी मोठ्या गाड्यांतली पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवायची लाटच आली होती. कुणी पर्किन्स बसवलं, कुणी मॅटॅडोरचं. डिझेल इंजिनाचा जीव असतो नोझलमध्ये. इंधनाचा बारीक फवारा तिथून सुटतो आणि नोझलचं माप मायक्रॉनमध्ये मोजतात. मायको, म्हणजे आजची बॉश, ही नोझलं सातपुरात बनवत आली आहे. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत नोझल हा शब्द भाजीभाकरीसारखा वापरात. डिझेल बसवून देणारा मिस्तरी हाकेच्या अंतरावर होता. काकांकडे तेव्हा मुलीचं लग्न होतं. काम पुढच्या वर्षावर गेलं, मग त्याच्या पुढच्या. गाडी ओरिजिनल राहिली ती या ओढाताणीमुळे.

हौसेने राखलेल्या गाड्यांचा सहसा उलटा प्रवास होतो. मालकाच्या हातात पैसा असतो, म्हणून दर काही वर्षांनी रंग, नवी सीट, नवं इंजिन. गाडी चकाचक राहते आणि कारखान्यातून आलेली गाडी मात्र थोडीथोडी भंगारात जाते. आता तर कॉन्टेसावर रुंद पट्टे मारून तिची मस्टँग करायची फॅशन आहे.

गाडी मूळ रूपात राहण्याच्या बाबतीत जगातलं सगळ्यात बोलकं उदाहरण मस्टँगचंच आहे. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटातल्या पाठलागात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग १९७४ मध्ये रॉबर्ट किर्नन यांनी एक छोटी जाहिरात वाचून घेतली. त्यांची शिक्षिका पत्नी तीच गाडी घेऊन शाळेत जायची. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली, त्यांनी दिली नाही. १९८० मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. मुलगा शॉन याने २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आणली. त्याने ती रंगवली नव्हती. चित्रीकरणात कॅमेरे बसवण्यासाठी केलेल्या जोडणीच्या खुणाही तशाच होत्या. जानेवारी २०२० मध्ये ती लिलावात सुमारे ३७.४ लाख डॉलरना गेली. लोकांनी पैसे मोजले ते त्या खुणांचे.

आपल्याकडे खुणा जपायला कायद्याचा आधार थोडा उशिरा पोचतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी गाडी ‘विंटेज’ ठरते. तिला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि रोजच्या वापराला मनाई. पहिल्यावहिल्या कॉन्टेसालाही हा मान २०३४ च्या आधी मिळणार नाही. तोपर्यंत ती नुसती जुनी गाडी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्याचं शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून एकदम ५,००० वर गेलं. वर पर्यावरण कर. शेडमध्ये उभी असलेली गाडी भंगारवाल्याला वजनावर जाते ती बहुतेक वेळा याच मधल्या वर्षांत.

“चालू करून बघायची का?” मी विचारलं.

“चावी फिरवायची नाही,” काका घाईने म्हणाले. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतात. आधी प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, एक-दोन रात्री मुरू द्यायचं, मग पान्याने क्रँक हाताने फिरवून बघायचा. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, ते आधी उपसायचं. एअर क्लीनरमध्ये उंदराचं घर असतंच. हे सगळं काकांना पाठ होतं. केलं मात्र काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंपाचे राहिलेले पैसे द्यायला पुन्हा गेलो. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं. झेंडूच्या माळांचा वास ऑइलच्या वासात मिसळला होता. काका माळ घेऊन कोपऱ्यात गेले आणि ताडपत्री बाजूला करून ती बॉनेटवर ठेवली. तेव्हा मला दिसलं की बॉनेटच्या मधोमध रंगावर एक पिवळट तपकिरी चंद्रकोर उमटली आहे. दरवर्षी तिथेच माळ ठेवायची, ती वाळायची, पावसाळी ओल धरायची आणि पुढच्या खंडेनवमीला उचलली जायची.

“हा डाग पॉलिशने निघेल,” मी म्हणालो.

“निघेल,” म्हणत काकांनी नवी माळ नेमकी त्याच्यावर सारखी केली आणि ताडपत्री ओढून घेतली.