सुवर्णदुर्गावर एक दिवस

इतिहासांतील सनावळ्या मुलांकडून पाठ करवून घेणें सोपें. परंतु त्यांमागील मर्म मनावर ठसावयास त्या त्या स्थळींच गेलें पाहिजे. गेल्या हिवाळ्यांत रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यानें जलप्रवास करीत असतां आम्हीं एक दिवस हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गासाठीं राखून ठेविला होता.

मुंबईची आगबोट पूर्वीं हर्णैस थांबत असे. ती सोय आतां राहिली नाहीं. बंदरांतून कोळ्यांच्या होडीनें आम्ही बेटाच्या पुळणीवर उतरलों. महाद्वार पूर्वेस, बुरुजांच्या आड आहे. पायरीवर कांसव व भिंतीवर मारुति कोरलेला आहे. तटाचा कांहीं भाग कातळ तासूनच केला आहे. आंत झाडी माजली असून विहिरी व पडक्या इमारतींचे चौथरे तेवढे दिसतात.

चौथऱ्यावर बसून आम्हीं नातवंडांस 1755 सालची हकीकत सांगितली. त्या वर्षीं एप्रिलांत कमोडोर विल्यम जेम्स यानें हा दुर्ग तुळाजी आंग्र्यांपासून घेतला. तोफांच्या माऱ्यांत दारूकोठार पेटलें आणि किल्ला पडला.

"आणि पेशवे कोठें होते, आजोबा?" धाकट्यानें विचारलें.

"इंग्रजांच्या बाजूस, बाळ."

मुलें गप्प झालीं. तुळाजी निर्दोष होता असें नव्हे. पेशव्यांस तो जुमानीत नसे. नानासाहेबांस करारान्वयें किल्ला मिळालाही. परंतु दुसऱ्याच वर्षीं विजयदुर्गाखालीं आंग्र्यांचें आरमार जळालें, आणि इंग्रजांस अडविणारी मराठ्यांची किनाऱ्यावरील मोठी शक्ति नाहींशी झाली. 1818 सालीं पेशवाई बुडाली, तेव्हां सुवर्णदुर्गही इंग्रजांकडेच गेला. भाऊबंदकींत शेजाऱ्यास हातीं धरलें म्हणजे वांटणी अखेर शेजारीच करतो, हें मोठ्या कुटुंबांतून नांदणाऱ्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीनें 1784 सालीं लंडनच्या शूटर्स हिल टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक मनोरा बांधविला. तो आजही उभा आहे. त्याचें नांव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'; म्हणजे आपला सुवर्णदुर्गच! जेत्यानें त्या दिवसाची आठवण अशी जपली. 2025 सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या 12 किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सुवर्णदुर्ग आहे. तेव्हां हिवाळ्यांत, समुद्र शांत असतां, बरोबर पाण्याचा तांब्या व शिदोरी घेऊन वाचकांनीं मुलांसह एकदां तेथें अवश्य जावें, आणि त्या धाकट्याचा प्रश्न मुलांनीं न विचारल्यास आपणच त्यांस विचारावा.