पाच गऱ्या देणारं दुकान

पावसाळा सरत आला, की आमच्या बचतगटांच्या बैठकीत कर्जाच्या कारणात 'जाळं' हा शब्द वारंवार येतो. जाळ्याच्या हप्त्याबद्दल आपण नेहमी बोलतो. आज ते सामान विकणाऱ्या छोट्या दुकानाबद्दल बोलू.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बाजारात अशी दुकानं आहेत. छताला टांगलेली जाळी, बरण्यांत गऱ्या, तंगुसाची रिळं, शिशाचे मणी, बोये, दोर. जागा लहान, पण गिऱ्हाईक तिथंच का जातं?

पहिलं कारण, पाहिजे तेवढंच मिळतं. खाडीत गरवणाऱ्याला शंभर गऱ्यांचं पाकीट नको असतं. पाच गऱ्या आणि थोडा तंगूस मिळाला, की संध्याकाळची सोय होते. फाटलेल्या जाळ्यापुरतं सूत आणि विणायची सुईही सुटी मिळते. हातात रोज थोडाच पैसा येतो, त्या घराला हे परवडतं.

दुसरं कारण, दुकानदाराची माहिती. गरीचा नंबर फसवा असतो. साध्या नंबरात आकडा वाढला की गरी लहान होते, म्हणजे 12 नंबरची गरी 6 नंबरपेक्षा लहान. पण आकड्यापुढे तिरकी रेघ आणि शून्य असलं, की उलट. तिथं आकड्याबरोबर गरी मोठी होते. जाळ्याचंही तसंच. कांडाळीत मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांशी अडकतो. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठी असेल तर बांगडा आरपार जातो. फार बारीक असेल तर मोठा मासा शिरतच नाही आणि पिल्लं अडकतात. आज पिल्लं संपवली तर पुढच्या वर्षी टोपलीत काय येणार? आस मोजताना जाळं ताणून एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत मोजतात. चांगला दुकानदार आधी विचारतो, "कुठं टाकणार? खाडीत की समुद्रात? कुठला मासा?" मगच जाळं काढतो.

तिसरं कारण उधारी, आणि इथंच खरी अडचण आहे. मच्छीमारांसाठी किसान क्रेडिट कार्ड आहे, पण समुद्रातल्या मासेमारीसाठी ते घ्यायचं तर नोंदणी झालेली होडी आणि परवाना लागतो. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याकडे किंवा पाग टाकणाऱ्याकडे होडीच नसते. त्याला सामान देतो तो वहीवाला दुकानदार.

आता हिशेब बघा. समजा, दुकानदारानं 10 घरांना 2,000 रुपयांचं सामान उधार दिलं. त्याचे 20,000 रुपये अडकले. मग त्यातल्या सहा घरांना गटातून कर्ज मिळालं आणि ती रोख पैसे घेऊन शहरात खरेदीला गेली. रोख शहरात, उधारी गावात! नवा माल भरायला दुकानदाराकडे पैसा कुठून येणार? हळूहळू बरण्या रिकाम्या होतात आणि दुकान बंद होतं. मग पाच गऱ्यांसाठीही एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी मोजावी लागते.

शहरातून घेऊच नका, असं आम्ही म्हणत नाही. मोठं जाळं तिथं स्वस्त पडत असेल तर जरूर घ्या. पण भाडं आणि बुडालेली मजुरी किमतीत मिळवून मगच तुलना करा. गटाच्या कर्जातून आधी दुकानाची जुनी बाकी फेडा. उधारी असेल तर आपल्याकडेही वही ठेवा. तारीख, वस्तू, रक्कम लिहा आणि महिन्याला दोन्ही वह्या जुळवा. त्यानं भांडण टळतं.

सामान घेताना काही गोष्टी बघा. उन्हात टांगून राहिलेला तंगूस घेऊ नका. उन्हानं नायलॉन कमजोर होतं. घरीही तो सावलीत ठेवा. शिसं विषारी असतं. मणी दातांनी दाबू नका, घरच्या चुलीवर शिसं वितळवू नका, हाताळल्यावर साबणानं हात धुवा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नका. सुती जाळी कुजून जायची, नायलॉन कुजत नाही. पाण्यात हरवलेलं जाळं कोणी न ओढताही मासे, कासवं मारत राहतं.

मैत्रिणींनो, यंदा गटात जाळ्यासाठी कर्जाचा अर्ज आला, तर दोन प्रश्न विचारा. सामान कुठून घेणार? आणि गावातल्या दुकानाची बाकी किती? दोन्ही उत्तरं इतिवृत्तात लिहा. गटाचा हप्ता आपण चुकवत नाही, तशी वहीवरची बाकीही चुकवू नये. ते दुकान चालू राहिलं, तर अडचणीच्या दिवशी पाच गऱ्या उधार मिळतील.