संडासाची टाकी व तिचा वेळेवर उपसा

कास्तकाराचें घर नीट चालतें तें वेळच्या वेळीं केलेल्या कामांवर. मृगापूर्वीं छप्पर शाकारणें, पेरणीपूर्वीं अवजारें दुरुस्त करणें, उन्हाळ्यांत विहिरींतील गाळ काढणें, हीं कामें कोणास सांगावीं लागत नाहींत. परंतु घरामागें जमिनींत पुरलेल्या संडासाच्या टाकीचें नांव या यादींत आम्हांस क्वचितच आढळतें. टाकी एकदां बांधली व वर फरशी घातली कीं ती जन्माची झाली, अशी बहुतेकांची समजूत असते. ही समजूत किती महाग पडते, याचें उदाहरण आम्हीं गेल्या उन्हाळ्यांत अंजनगांव सुर्जी येथें प्रत्यक्ष पाहिलें. तें वाचकांपुढें ठेवून या विषयाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

पानमळा व थोडी संत्र्याची बाग असलेल्या एका बागाईतदाराच्या घरीं आम्ही गेलों होतों. घरांत माणसें आठ. टाकी बांधून चवदा वर्षें झालीं होतीं, आणि तेवढ्या अवधींत तिचें झांकण एकदांही उघडलें नव्हतें. पंधरा दिवसांपासून संडासांतील पाणी उतरेनासें झालें होतें व पंचवीस फुटांवरील विहिरीच्या पाण्यास वास येऊं लागला होता. यजमानांनीं दोन मजूर बोलाविले होते. एकानें कमरेस दोर बांधून खालीं उतरावें व दुसऱ्यानें बादल्या ओढाव्या, असा बेत होता. आम्हीं हरकत घेतली तेव्हां उतरणारा मजूरच म्हणाला, "भाऊ, आजलोक काई झालं नाई, आताच काय होते?" यजमानांचेंही मत तेंच पडलें. शेवटीं घरांतील वृद्ध मातोश्री बाहेर आल्या. चार दिवस शेजाऱ्यांकडे जाऊं, पण माझ्या अंगणांत माणूस खालीं उतरणार नाहीं, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. दुसऱ्या दिवशीं मैला ओढून घेणारी गाडी आली. टाकीचा तीन चतुर्थांश भाग घट्ट गाळानें भरलेला निघाला. नळीनें तो गाळ ढवळतांच बुडबुडे उठूं लागले आणि असा उग्र वायू सुटला कीं तो मजूर आपण होऊनच दहा पावलें मागें सरला.

तो प्रसंग टळला एका वृद्धेच्या आग्रहामुळें. प्रत्येक घरीं अशी वृद्धा असेलच असें नाहीं. सबब टाकीचा नियम प्रत्येकास ठाऊक असलेला बरा.

या टाकीचें काम काय, तें प्रथम पाहूं. संडासांतून आलेला मैला टाकींत स्थिर होतो. जड भाग तळाशीं बसतो, त्यास गाळ म्हणावें. तेलकट व हलका भाग वर तरंगतो, त्यास साय म्हणावें. मधील त्यांतल्या त्यांत निवळ पाणी दुसऱ्या बाजूच्या नळानें शोषखड्ड्यांत जातें. हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु गाळाचा कांहीं भाग पचवितात व त्यापासून ज्वलनशील वायू उत्पन्न होतो. मुंबईस माटुंगा येथील कुष्ठाश्रमांत १८९७ च्या सुमारास हा वायू गोळा करून उपयोगांत आणिला होता, इतकी ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. परंतु जंतु सर्वच गाळ पचवीत नाहींत. दर माणशीं दर वर्षीं अदमासें तीस ते सत्तर लिटर गाळ शिल्लक राहतो, आणि तो आपोआप कोठेंही जात नाहीं. टाकी भरली म्हणजे निवळण्यास जागा उरत नाहीं. मग मैलाच शोषखड्ड्यांत जातो, खड्ड्याचीं छिद्रें बुजतात, आणि टाकीबरोबर खड्डाही निकामी होतो. टाकी उपसण्याचा खर्च वांचविणारास अखेर नवा खड्डा खणावा लागतो.

हिशेब सोपा आहे. सहा माणसांचें घर व दीड हजार लिटरची टाकी धरली, आणि माणशीं चाळीस लिटर गाळ धरला, तर वर्षांत दोनशें चाळीस लिटर गाळ सांचतो. दोन वर्षांत टाकीचा जवळजवळ तिसरा हिस्सा भरतो. तिसरा हिस्सा भरला कीं उपसा करावा, हा सर्वमान्य नियम होय. म्हणून साधारणपणें दोन ते तीन वर्षांनीं एकदां टाकी रिकामी केली पाहिजे. भारतीय मानक २४७० मध्येंही टाकीचीं मापें दोन व तीन वर्षांचा उपसा गृहीत धरूनच दिलीं आहेत. पांच माणसांस दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद व एक मीटर पाण्याची खोली असें त्यांतील दोन वर्षांच्या उपशाचें माप आहे.

अंदाजावर भरंवसा नसेल त्यानें माप घ्यावें. एका लांब काठीच्या खालच्या टोकास पांढरें फडकें घट्ट गुंडाळावें, झांकण उघडून थोडा वेळ बाजूस थांबावें, आणि काठी सरळ तळापर्यंत सोडून कांहीं वेळानें हलकेच वर घ्यावी. फडक्यावर जेथपर्यंत काळा दाट गाळ चिकटला तेथपर्यंत गाळ आहे असें समजावें. हें करतांना तोंड झांकणावर वांकवूं नये, आणि विडी, दिवा किंवा आगकाडी जवळ आणूं नये. माप झाल्यावर झांकण तत्काळ पक्कें बसवावें; उघडी टाकी लेंकरांस व गुरांस विहिरीइतकीच घातक आहे.

आमच्या वऱ्हाडांत या कामास आणखी एक अडचण आहे, ती काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. ओली असतां ती पाणी लौकर शोषीत नाहीं. भेगाळली असतां तेंच मैल्याचें पाणी भेगांतून थेट दूरवर नेते. पूर्णेच्या खोऱ्यांतील चिकण व खारपाण जमिनींत तर शोषखड्डा मुळींच चालत नाहीं, म्हणून पुष्कळ लोक टाकीचा नळ सरळ गटारांत सोडतात. अशा जमिनींत खड्डा मोठा घेऊन त्यांत विटांचे तुकडे व वाळू भरावी, आणि पिण्याच्या विहिरीपासून तो निदान साठ फूट दूर ठेवावा. मातीच्या ओढाताणीनें भिंतीस तडे जातात, म्हणून टाकीचा तळ व भिंती पक्क्या असाव्या. तळ कच्चा ठेवलेल्या खड्ड्यास टाकी म्हणणें ही स्वतःचीच फसवणूक होय.

उपसा कोणत्या महिन्यांत करावा, याचाही विचार आहे. माघ ते चैत्र हा काळ उत्तम. भर पावसाळ्यांत जमिनींतील पाणी वर आलेलें असतां टाकी अगदीं रिकामी केली तर बाहेरच्या दाबानें ती उचलली जाण्याची वा तडकण्याची भीति असते. उपसल्यावर तळाशीं दोन बोटें गाळ राहूं द्यावा, म्हणजे जंतूंचें विरजण कायम राहतें. टाकी घासून धुऊं नये, आणि लागलीच साधें पाणी भरावें. फिनेल व तेजाब यांनीं जंतु मरतात. तेल-तूप व कापड यांनीं नळ तुंबतात. बाजारांत मिळणारी पूड टाकली कीं उपसा नको, या जाहिरातीवर आमच्या वाचकांनीं विसंबूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टाकींतील वायूंपैकीं एक असा आहे कीं त्याचा सडक्या अंड्यासारखा वास आरंभीं येतो, पण प्रमाण वाढलें म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तिच नष्ट होते. माणसास वाटतें वायू गेला, आणि तो तेथेंच कोसळतो. त्याला काढण्यास उतरलेला दुसराही त्याच मार्गानें जातो. म्हणून कमरेचा दोर हें संरक्षण नव्हे. २०१३ च्या कायद्यानें टाकींत माणसास संरक्षक साधनांवांचून उतरविणें हा गुन्हा ठरविला असून, पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. हा नियम घरमालकासही लागू आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा मृत्यूंची नुकसानभरपाई तीस लाख रुपये ठरविली. ज्या तालुक्यांत शेंडगांवीं १८७६ मध्यें गाडगेबाबांचा जन्म झाला, त्या तालुक्यांत स्वच्छतेसाठीं माणसाचा प्राण जावा, यापरतें लाजिरवाणें काय?

उपसलेल्या गाळाचें काय करावें, हा प्रश्न शेतकऱ्याच्या मनांत येणारच. सोनखत हा शब्द आपल्याच भाषेंतला आहे, आणि आप्पासाहेब पटवर्धनांनीं कणकवलीजवळ गोपुरी येथें त्याचाच पुरस्कार केला. परंतु ताजा गाळ शेतांत, विशेषतः पालेभाजींत, सोडूं नये. जंतांचीं अंडीं त्यांत दीर्घकाळ जिवंत राहतात. काडीकचऱ्याबरोबर थर घालून, आंतून चांगली ऊब येऊं देऊन, मग निदान वर्षभर मुरूं दिल्यावरच त्याचें खत होतें. गाळ रात्रीं नाल्यांत वा शहानूर नदीच्या पात्रांत सोडणाऱ्या गाडीस काम देऊं नये. गाडीवाल्यास तो कोठें टाकणार, हें आधीं विचारावें.

सातारा जिल्ह्यांतील वाई व नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर येथील नगरपरिषदांनीं घरमालकाच्या बोलावण्याची वाट न पाहतां, तीन वर्षांत एकदां प्रत्येक टाकी पाळीपाळीनें उपसण्याची पद्धत सुरू केली. वाईस तिचा आरंभ २०१८ मध्यें झाला. गाळ प्रक्रियेच्या जागीं नेला जातो. अंजनगांव सुर्जीच्या नगरपरिषदेनें व आसपासच्या ग्रामपंचायतींनीं हाच मार्ग धरावा, अशी आमची सूचना आहे. तोंपर्यंत आमच्या सभासदांनीं एका आळींतील आठ-दहा घरें मिळून एकाच दिवशीं गाडी बोलवावी, म्हणजे खर्च वांटला जाईल.

आणि एक लहानसें काम प्रत्येकानें आजच करावें. घराच्या जमाखर्चाच्या वहींत टाकी केव्हां बांधली व शेवटीं केव्हां उपसली, ती तारीख लिहावी. तारीख आठवत नसेल, तर उपशाची वेळ आली आहे असें खुशाल समजावें.