रंगावर जाऊ नका, कंबर बघा!

मुंग्यांचं आपलं शास्त्र लहानपणीच पूर्ण होतं: काळी चावत नाही, लाल चावते आणि मोठा दिसला तर तो मुंगळा. भारतात मात्र मुंग्यांच्या ८०० हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. नुसत्या रंगावर भिस्त ठेवलीत, तर पहिल्याच झाडापाशी फसाल. मग ओळखायचं कसं?

१. गाठी मोजा
छाती आणि पोट यांच्यामध्ये मुंगीला बारीक कंबर असते आणि त्या कमरेला गाठ. मुंगळ्याला एक, घरातल्या चावऱ्या लाल मुंगीला दोन. मोबाइलवर फोटो काढा, मोठा करा आणि मोजा. निम्मं काम तिथेच होतं.

२. एकाच घरचे, तरी बारके-थोराड
झाडाच्या बुंध्याशी मुंगळ्यांची रांग बघा. एक किरकोळ, दुसरा भलाथोरला डोकेवाला. जाती दोन नाहीत. वारूळ एकच, आईही एकच. मुंगळ्याला नांगी नसते. तो जबड्यानं चावतो आणि वर जखमेवर आम्ल सोडतो!

३. काळं-तांबडं दिसलं की हात मागे
झाडाच्या खोडावर एकटीच लगबगीनं फिरणारी, सेंटिमीटरभर लांब, सडपातळ मुंगी. डोकं काळं, छाती तांबडी, पोट पुन्हा काळं. ही टेट्रापोनेरा. हिला नांगी आहे आणि ती वापरायला ही मागेपुढे बघत नाही. ‘काळी चावत नाही’ हा नियम इथेच मोडतो.

४. पोरांकडून शिवणकाम
कोकणात आंबे-काजू काढणाऱ्याला हुमल्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. झाडावर जिवंत पानांचा चेंडू दिसला की समजायचं, आत तांबूस हुमले आहेत. कामकरी मुंग्या साखळी करून पानं ओढून धरतात आणि अळ्यांना तोंडात धरून धोट्यासारख्या इकडून तिकडे फिरवतात. रेशीम अळ्यांचं, शिलाई मोठ्यांची. या जातीच्या शास्त्रीय नावात ‘पाचू’ दडलाय, कारण त्यांची राणी हिरवी असते. ओडिशातल्या मयूरभंजच्या हुमल्यांच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

५. पोट बदामाचं, शेपटी डोक्यावर
चिडली की पोट उचलून थेट डोक्यावर आणणारी मुंगी दिसली, तर ती क्रेमॅटोगॅस्टर. वरून पाहिलं तर पोट पत्त्यातल्या बदामासारखं. सह्याद्रीच्या रानात झाडावर तपकिरी, पापुद्र्या-पापुद्र्यांचं घरटं लटकतं, ते हिच्याच जातभाईंचं. तांबूस सुतार पक्षी मुंग्या खातो आणि वर त्याच घरट्यात बीळ करून अंडीही घालतो. घरमालकालाच खाणारा भाडेकरू!

६. पुण्याचं वाळवण
१८२९ च्या जूनमध्ये कर्नल साइक्स हे लष्करी अधिकारी पुण्यात सकाळी फिरायला निघाले, तर जमिनीवर ठिकठिकाणी गवताच्या बियांचे मूठ-मूठभर ढीग. मुंग्यांनी पावसात भिजलेलं धान्य बाहेर काढून उन्हात घातलं होतं! वाळवणं काय फक्त गच्चीवरच होतात? आजही माळावर बिळाच्या तोंडाशी फोलपटांचं कडं दिसलं, तर आत धान्य साठवणाऱ्या मुंग्यांचा संसार आहे असं समजा.

७. चालीवरून नाव
पाय लांब, मिशा लांब आणि दिशेचा पत्ता नाही. सैरावैरा धावणारी ती ‘वेडी मुंगी’. डोकं-छाती काळपट आणि पोट-पाय इतके फिकट की फरशीवर नुसते ठिपके पळताना दिसतात, ती ‘भूत मुंगी’. चुकून चिरडली गेली, तर नासक्या खोबऱ्यासारखा वास येतो. म्हणजे ही नाकानंही ओळखता येते.

८. उडी मारणारी
चिमट्यासारखे लांब जबडे, टपोरे डोळे आणि पाहता पाहता टुणकन उडी: ही पश्चिम घाटातली हार्पेग्नॅथोस. राणी मेली की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींशी झुंजतात. जिंकणाऱ्या अंडी घालायला लागतात आणि त्यांचा मेंदू जवळपास पाचव्या हिश्श्यानं आकसतो. त्यांना पुन्हा कामाला लावलं, तर तो परत वाढतो!

९. शेवटी पायही मोजा
हुमल्यांच्या आसपास एखादा हुमला जरा बिचकत चालतोय? पाय मोजा. आठ भरले, तर तो मुंगीचं सोंग घेतलेला कोळी. पुढचे दोन पाय वर धरून तो मिशांचं नाटक वठवतो.
आणि पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाल्यांची झुंबड उडाली, तरी लगेच ‘मुंगीला पंख फुटले’ म्हणू नका. चारी पंख सारख्या लांबीचे आणि कंबर गायब असेल, तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर बारीक असेल, तरच ती मुंगी. आता तिच्या गाठी मोजायला हरकत नाही.