संगणकप्रणाली बदलताना ब्राउझरची निवड

एका संगणकप्रणालीवरून दुसरीवर जाणाऱ्या अभ्यासकास अनेक लहानमोठे निर्णय घ्यावे लागतात. त्यांपैकी ब्राउझरची निवड हा निर्णय सामान्यतः किरकोळ मानण्यात येतो. नव्या यंत्राबरोबर जो ब्राउझर आला तोच वापरावयाचा, किंवा जुन्या यंत्रावर ज्याची सवय होती तो पुन्हा बसवून घ्यावयाचा, या दोहोंपैकी एक मार्ग बहुतेकजण फारसा विचार न करता पत्करतात. परंतु आजच्या संशोधकाचे ग्रंथालय, पत्रव्यवहार आणि टिपणवही ही बव्हंशी ब्राउझरच्याच खिडकीतून उघडतात. 'शोधगंगे'वरील प्रबंध चाळावयाचा असो वा परदेशी नियतकालिकातील लेख मिळवावयाचा असो, वाट तीच. सबब या निवडीमागील तत्त्वांचा काहीसा पद्धतशीर विचार करणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तीन प्रणालींपुरता, आणि प्रसंगोपात्त मोबाइल फोनपुरता, हा विचार करावयाचे योजिले आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. कोणता ब्राउझर सर्वांत चांगला, हा प्रश्न अशा प्रसंगी फारसा उपयोगी पडत नाही. आपल्या वापरातील कोणती गोष्ट जुन्या प्रणालीशी जखडलेली आहे आणि ती कशी सोडवून घेता येईल, हा खरा प्रश्न होय.

१. ब्राउझरचे तीन घटक

ब्राउझर या एका नावाखाली वस्तुतः तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे इंजिन. संकेतस्थळाकडून आलेली संहिता वाचून तिचे दृश्य पृष्ठात रूपांतर करणे हे त्याचे कार्य. आज प्रचारात असलेली प्रमुख इंजिने तीनच आहेत : फायरफॉक्सचे गेको, सफारीचे वेबकिट आणि क्रोम, एज इत्यादींचे ब्लिंक. दुसरी गोष्ट म्हणजे आवरण. पत्त्याची पट्टी, टॅब, मेनू व कळफलकावरील संक्षिप्त आज्ञा यांचा त्यात समावेश होतो. तिसरी गोष्ट म्हणजे वापरणाऱ्याचा संचय : वाचनखुणा, पासवर्ड, भेटींचा इतिहास आणि जोडलेली एक्स्टेन्शन्स.

हा भेद केवळ शास्त्रीय सोयीसाठी केलेला नाही. नाव एकच असूनही इंजिन भिन्न असू शकते, आणि इंजिन एकच असूनही संचय तुटू शकतो. मार्च २००० मध्ये मॅकसाठी प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ चे इंजिन 'टास्मन' हे होते. विंडोजवरील त्याच नावाच्या ब्राउझरचे इंजिन 'ट्रायडेंट' हे होते. एकाच्या पसंतीवरून दुसऱ्याविषयी अनुमान काढणे त्यामुळे धोक्याचे होते. आयफोनवरील फायरफॉक्स व क्रोम यांचीही गोष्ट अशीच. तेथे प्रत्येक ब्राउझरने वेबकिटच वापरावे अशी अॅपलची अट होती. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ मध्ये ती त्या संघापुरती प्रथम शिथिल झाली.

याच्या उलट उदाहरण क्रोमियमचे. क्रोम ज्या मुक्त संहितेवर उभा आहे तीच क्रोमियम होय, आणि अनेक लिनक्स वितरणांतून तो त्याच नावाने मिळतो. विंडोजवर क्रोम वापरणाऱ्यास तो आपलाच जुना ब्राउझर वाटणे साहजिक आहे. तथापि मार्च २०२१ पासून गूगलने अशा अन्यनिर्मित क्रोमियमला आपल्या खात्याशी संचय जुळवून घेण्याची सेवा बंद केली. इंजिन तेच, आवरणही जवळजवळ तेच. वाचनखुणा व पासवर्ड मात्र आपोआप येईनासे झाले.

२. इतिहासाची साक्ष

प्रत्येक ब्राउझर प्रत्येक प्रणालीवर कायम राहील, असे मानण्यास इतिहासात आधार नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट व अॅपल यांच्यात जो करार झाला, त्यान्वये इंटरनेट एक्सप्लोरर हा मॅकवरील प्रथमस्थानी असलेला ब्राउझर ठरला. जानेवारी २००३ मध्ये अॅपलने सफारी पुढे आणला. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने मॅकसाठीच्या आपल्या ब्राउझरचा विकास थांबविल्याचे जाहीर केले. सफारीचा प्रवास उलट दिशेने झाला. जून २००७ मध्ये तो विंडोजवर आला आणि २०१२ मधील ५.१.७ या आवृत्तीनंतर तेथून नाहीसा झाला. खुद्द विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररचा आधार, काही विशिष्ट आवृत्त्यांचा अपवाद वगळता, १५ जून २०२२ रोजी काढून घेण्यात आला.

इंजिनांच्या वंशावळीतही असेच स्थित्यंतर दिसते. लिनक्सवरील केडीई प्रकल्पाच्या 'केएचटीएमएल'पासून अॅपलचे वेबकिट निघाले. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने तेच स्वीकारले, आणि एप्रिल २०१३ मध्ये गूगलने त्यापासून ब्लिंक वेगळे काढले. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःचे इंजिन सोडून क्रोमियमचा आश्रय घेण्याचे ठरविले व जानेवारी २०२० मध्ये नवा एज प्रसिद्ध केला. म्हणजे विंडोजवरील एज सोडून मॅकवरील क्रोमकडे वळणारा मनुष्य इंजिन बदलीतच नाही. फायरफॉक्सकडे किंवा सफारीकडे वळणारा मात्र खरोखरीच निराळ्या घरात जातो.

३. आयत्या पसंतीचे सामर्थ्य

यंत्राबरोबर जो ब्राउझर येतो त्यास संगणकाच्या परिभाषेत 'डीफॉल्ट' म्हणतात. दुवा दाबताच उघडणारा तो हाच. नवीन प्रणालीवर आलेला मनुष्य आधीच अनेक अपरिचित गोष्टींनी गोंधळलेला असतो, आणि म्हणून आयती मिळालेली पसंती तो सहज मान्य करतो. या सवयीचे मोल व्यापाऱ्यांनी फार पूर्वीच ओळखले. अमेरिकेच्या न्यायखात्याने मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध जो दावा दाखल केला, त्याच्या केंद्रस्थानी विंडोज व इंटरनेट एक्सप्लोरर यांची सांगड हाच मुद्दा होता. युरोपीय आयोगापुढे डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने वापरणाऱ्यास निवडीचा पडदा दाखविण्याचे बंधन पत्करले. ते काही काळ न पाळल्याबद्दल मार्च २०१३ मध्ये तिला ५६.१ कोटी युरो दंड झाला.

आपल्याकडेही हा प्रश्न उपस्थित झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडसंबंधीच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. फोनमध्ये आधीच बसवून दिलेल्या क्रोमचा प्रश्नही त्यात विचारात घेतलेला होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला; आयोगाच्या दहा निर्देशांपैकी चार मात्र रद्द केले.

यावरून आयता ब्राउझर वाईटच असतो असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. यंत्र व प्रणाली यांच्याशी त्याचा मेळ पुष्कळदा उत्तम असतो. ज्या पसंतीस आपण आपली म्हणतो ती आपण केलेली आहे की आपणांस करून दिलेली आहे, एवढे तपासून पाहावे, इतकाच याचा अर्थ.

४. संचयाचे स्थलांतर

आता व्यवहाराकडे वळू. संचयाच्या तीन भागांची स्थिती सारखी नाही.

वाचनखुणांचे काम सर्वांत सोपे. नेटस्केपच्या काळात रूढ झालेला एचटीएमएल स्वरूपाचा वाचनखुणांचा नमुना आजही बहुतेक सर्व ब्राउझरांना लिहिता व वाचता येतो. नेटस्केप कधीच मावळला, परंतु त्याच्या साध्या नमुन्यामुळे वाचनखुणा मात्र एका घरातून दुसऱ्या घरात सुखरूप जात राहिल्या. खुला व साधा नमुना टिकाऊपणास किती उपकारक ठरतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

पासवर्डांची गोष्ट निराळी आहे. क्रोम आपले पासवर्ड प्रणालीच्या साह्याने कुलूपबंद करतो : विंडोजवर वापरकर्त्याच्या खात्याशी, मॅकवर 'कीचेन'शी आणि लिनक्सवर सामान्यतः तेथील 'कीरिंग'शी ते निगडित असतात. म्हणून जुन्या यंत्रावरील संपूर्ण फोल्डर उचलून नव्या प्रणालीवर ठेवला तरी पासवर्ड उघडत नाहीत. कुलूप आणले, पण किल्ली मागेच राहिली, असा हा प्रकार. फायरफॉक्स किल्ली व कुलूप ही दोन्ही आपल्या प्रोफाइलमध्येच ठेवतो. त्यामुळे ते प्रोफाइल एका प्रणालीवरून दुसरीवर नेता येते. मात्र जे मालकास सुकर तेच चोरासही सुकर असते. म्हणून तेथे 'प्रायमरी पासवर्ड' लावणे इष्ट होय. खात्यामार्फत जुळणी करावयाची नसल्यास पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेता येतात. ती फाइल सर्वस्वी उघडी असते. काम होताच ती पुसून टाकण्यास विसरू नये.

एक्स्टेन्शन्सविषयी सर्वसामान्य नियम सांगता येत नाही. संदर्भसंग्रहासाठी वापरले जाणारे झोटेरो क्रोम, फायरफॉक्स, एज व सफारी या चारींशी जोडता येते. प्रत्येक एक्स्टेन्शनची अशी सोय असेलच असे नाही. आपल्या नित्याच्या कामास जी दोनतीन अत्यावश्यक असतील, त्यांची चौकशी स्थलांतरापूर्वीच करावी.

५. देवनागरीची कसोटी

मराठीच्या अभ्यासकास आणखी एक कसोटी लावावी लागते. २००० च्या सुमारास अनेक मराठी संकेतस्थळे युनिकोडऐवजी स्वतःच्या फाँटच्या संकेतनात मजकूर देत, आणि तो फाँट पृष्ठाबरोबर ईओटी या मायक्रोसॉफ्टच्या स्वरूपात धाडीत. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररखेरीज अन्यत्र तो उमटत नसे. परिणामी लिनक्सकडे वा मॅककडे वळलेल्या मराठी वाचकापुढे अक्षरांऐवजी निरर्थक रोमन चिन्हांची रांग उभी राही. ब्राउझरची निवड त्याची होती; पण संकेतस्थळ उभारणाऱ्याने ती त्याच्या वतीने आधीच करून टाकलेली असे. युनिकोडच्या प्रसारानंतर ही अडचण दूर झाली. तरी त्या काळचा जो मजकूर जुन्या संकेतनात राहून गेला, तो ब्राउझर बदलून वाचनीय होत नाही.

आजचे प्रश्न अधिक सूक्ष्म आहेत. देवनागरीचा फाँट सामान्यतः प्रणालीकडून येतो : विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी, लिनक्सवर लोहित अथवा नोटो. मराठी वळणाचे 'ल' व 'श' दिसावयाचे तर फाँटमध्ये ती रूपे असावी लागतात आणि पृष्ठाची भाषा मराठी अशी नोंदलेलीही असावी लागते. 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान एप्रिल २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाले. जुन्या फाँटांत ते नाही. शिवाय तेच अक्षर 'अ'वर चंद्र देऊनही लिहिले जाते, आणि ही दोन लेखने युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य नाहीत. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा रकारही दोन प्रकारे संकेतित होऊ शकतो. पृष्ठात शब्द शोधताना एका लेखनाने दुसरे सापडेलच, अशी खात्री बाळगता येत नाही. शब्दांच्या वारंवारतेचा वा पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्याने नव्या ब्राउझरमध्ये ही चाचणी अवश्य घ्यावी. न सापडलेला शब्द संहितेतच नाही, असे समजून चालल्यास निष्कर्षच चुकावयाचा.

अन्य शाखांनीही आपापली कसोटी ठरवावी. उदाहरणार्थ, मॅथएमएलमध्ये लिहिलेली गणिती सूत्रे दाखविण्याची सोय फायरफॉक्समध्ये दीर्घकाळ आहे. क्रोममध्ये ती स्थिरपणे आली जानेवारी २०२३ मधील १०९ व्या आवृत्तीत.

६. निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून व्यवहारोपयोगी असा एक क्रम सुचविता येतो. जुने यंत्र हातचे सोडण्यापूर्वी वाचनखुणा व पासवर्ड उतरवून घ्यावेत. नव्या प्रणालीवर निदान दोन भिन्न इंजिनांचे ब्राउझर ठेवावेत. एकात पृष्ठ नीट न उघडल्यास दोष पृष्ठाचा की ब्राउझरचा, हे त्यायोगे तत्काळ कळते. आपल्या कामातील दहाबारा नित्याची पृष्ठे दोहोंत उघडून पाहावीत : ग्रंथालयाचे प्रवेशद्वार, एखादा प्रबंध, मराठी मजकुराचे एखादे लांब पृष्ठ, विद्यापीठाचा अर्ज. आवरणाविषयीचे मत मात्र लगेच बनवू नये. कंट्रोलऐवजी कमांड ही कळ दाबावी लागल्यामुळे होणारी चिडचिड ब्राउझरच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. दोनतीन आठवड्यांनी सवय बसली म्हणजे खरी आवडनिवड समजून येते, आणि तेव्हाच प्रथमपसंतीची नोंद प्रणालीच्या सेटिंगमध्ये करावी.

ज्यास एकाच कंपनीची सर्व उपकरणे वापरावयाची आहेत, त्यास त्या कंपनीचा ब्राउझर सोयीचा वाटेल आणि त्यात गैर काही नाही. परंतु घरी एक, विभागात दुसरी आणि प्रयोगशाळेत तिसरी प्रणाली वापरणाऱ्याने तिन्ही ठिकाणी उपलब्ध असलेला ब्राउझर निवडणे श्रेयस्कर. सफारी विंडोजवर वा लिनक्सवर मिळत नाही, हे त्याने ध्यानात ठेवावे. कोणताही ब्राउझर निवडला तरी त्यातील संचय केव्हाही बाहेर काढता येईल, याची खात्री मात्र प्रत्येकाने करून घ्यावी. आजचे स्थलांतर हे शेवटचे स्थलांतर नव्हे. ज्या ब्राउझरात शिरणे सोपे आणि निघणे अवघड, तो आज कितीही गोड वाटला तरी पुढच्या वेळी महागात पडतो. वर्षातून एकदा वाचनखुणांची प्रत उतरवून ठेवण्यास काही मिनिटेच लागतात. प्रबंधाच्या हस्तलिखिताची प्रत ठेवणाऱ्या अभ्यासकास ही सवय जड वाटण्याचे कारण नाही.