मत्स्यपेटी : रुंद की उंच?

शाळेत किंवा घरी मोठी मत्स्यपेटी बांधायची ठरली, की पहिला प्रश्न येतो : काच किती जाड घ्यायची? पुष्कळांना वाटते, पाणी जास्त तर काच जाड. थोडे गणित करून पाहू.

समजा, पेटी १२० सें.मी. लांब आणि ४५ सें.मी. रुंद आहे. तिच्यात ४५ सें.मी. उंचीपर्यंत पाणी भरले, तर ते २४३ लिटर, म्हणजेच २४३ किलो होईल. समोरच्या काचेवर पाण्याचा दाब वर शून्य, तर तळाशी दर चौरस सें.मी.ला ४५ ग्रॅम, सरासरी २२.५ ग्रॅम. काचेचे क्षेत्रफळ ५४०० चौरस सें.मी. म्हणून एकूण रेटा सुमारे १२१ किलो वजनाइतका.

आता रुंदी दुप्पट करू. पाणी ४८६ लिटर होते, पण समोरच्या काचेवरचा रेटा तेवढाच राहतो! कारण दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, एकूण पाण्यावर नाही. याउलट रुंदी तीच ठेवून पाणी ६० सें.मी. उंच भरले, तर रेटा २१६ किलो होतो. उंची दुप्पट केली, तर चौपट!

म्हणून मोठी पेटी उंच करण्यापेक्षा रुंद करावी. माशांनाही ती मानवते, कारण हवेतला प्राणवायू पृष्ठभागातूनच पाण्यात विरघळतो. वजन मात्र स्टँडला पेलावे लागते. तो पाणसळीत असावा आणि पेटीखाली थर्माकोल घालावा. नाहीतर एखाद्या खड्यावर ताण एकवटून तळ तडकतो.

विद्यार्थ्यांकडून हे गणित आधी करून घ्यावे. काचवाल्याकडे मग जावे.