लॅपटॉपमधील दुसरा संगणक

एका संगणकाच्या प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांच्या आधारावर केवळ सॉफ्टवेअरने रचलेला दुसरा संगणक चालवण्याच्या तंत्राला आभासीकरण म्हणतात, आणि अशा रचलेल्या संगणकाला आभासी यंत्र किंवा रोजच्या बोलण्यात नुसते ‘व्हीएम’ म्हणतात. लॅपटॉपवरचे विंडोज न हलवता लिनक्स शिकणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, संशयास्पद फाइल मूळ संगणकाला धक्का न लागता उघडून पाहणारे सुरक्षातज्ज्ञ आणि जुन्या प्रणालीवरच चालणारे एखादे सॉफ्टवेअर टिकवून ठेवू पाहणारे व्यावसायिक, या साऱ्यांना आभासी यंत्राची गरज पडते. लॅपटॉपची मूळ प्रणाली यजमान, तिच्या आत चालणारी प्रणाली पाहुणी, आणि दोघींमध्ये साधनांची वाटणी करणारे सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायझर. पाहुणी प्रणाली रखडू लागली की तिला आणखी रॅम आणि आणखी कोअर देण्याकडे वापरणाऱ्याचा कल असतो. परंतु लॅपटॉपवर पुष्कळदा हा उपायच रखडण्याचे कारण ठरतो, कारण यजमानाची उपासमार झाली की पाहुण्या प्रणालीलाही काही मिळत नाही.

हे तंत्र वाटते तितके नवे नाही. आयबीएमने १९७२ मध्ये बाजारात आणलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीत एकाच मोठ्या संगणकावर प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र आभासी यंत्र मिळत असे. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एखाद्या प्रोसेसरवर आभासीकरण नीट होण्यासाठी काय लागते याची सैद्धांतिक मांडणी केली. तिचा गाभा असा, की यंत्राच्या सामायिक स्थितीला हात घालणारी प्रत्येक आज्ञा पाहुण्या प्रणालीने दिली की नियंत्रण आपोआप हायपरव्हायझरकडे गेले पाहिजे. घरोघरी पोहोचलेल्या एक्स८६ घराण्याचे प्रोसेसर या कसोटीला उतरत नव्हते. व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ मध्ये अशा आज्ञा चालता चालता बदलून घेण्याच्या युक्तीने मार्ग काढला, आणि पुढे २००५ मध्ये इंटेलने व २००६ मध्ये एएमडीने ही सोय थेट प्रोसेसरमध्येच आणली.

या सोयीमुळे पाहुण्या प्रणालीतील साधी आकडेमोड आज प्रत्यक्ष प्रोसेसरवर जवळपास पूर्ण वेगाने चालते. वेळ जातो तो वेगळ्या ठिकाणी. डिस्कवर लिहिणे किंवा नेटवर्कवर पाठवणे अशा कामांसाठी पाहुण्या प्रणालीला थांबवून हायपरव्हायझरला मध्ये यावे लागते, आणि अशा प्रत्येक खेपेत प्रोसेसरची हजारेक चक्रे खर्च होतात. रॅममधील पत्ते शोधण्याचे कामही दुप्पट नव्हे, त्याहून बरेच वाढते. कारण पाहुण्या प्रणालीने दिलेला पत्ता आधी तिच्या तक्त्यांतून आणि मग यजमानाच्या तक्त्यांतून उलगडावा लागतो, आणि जो शोध एरवी चार वाचनांत संपतो त्याला वाईटात वाईट स्थितीत चोवीस वाचने लागतात. हा दुहेरी शोध प्रोसेसरने स्वतः करण्याची सोय एएमडीने २००७ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये दिली; तिच्यावाचून आजची आभासी यंत्रे अनेक कामांत बरीच मंद झाली असती.

म्हणून पहिली तपासणी प्रोसेसरमधील आभासीकरणाची सोय चालू आहे की नाही, याची. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ या पानावर सीपीयूच्या आलेखाखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ अशी एक बारीक ओळ असते. तिच्यापुढे ‘डिसेबल्ड’ दिसले, तर लॅपटॉप सुरू होतानाच्या बायोस पडद्यावर जाऊन ती सोय चालू करावी लागते. एएमडीच्या यंत्रांत ती बहुधा ‘एसव्हीएम मोड’ या नावाखाली सापडते.

सोय चालू असूनही एक अडथळा उरतो, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांवर सुरक्षेसाठी विंडोज स्वतःच आपल्या पायाशी एक हायपरव्हायझर चालवते, आणि त्याच्या आधाराने प्रणालीचा सर्वांत संवेदनशील भाग वेगळा राखते. अशा यंत्रावर व्हर्च्युअलबॉक्ससारखे दुसरे हायपरव्हायझर प्रोसेसरपर्यंत थेट पोहोचू शकत नाही. त्याला विंडोजच्या हायपरव्हायझरमार्फत काम करून घ्यावे लागते. व्हर्च्युअलबॉक्स याची खूण देते: आभासी यंत्राच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे, एरवी जिथे प्रोसेसरच्या चिपचे छोटे चित्र असते, तिथे हिरवे कासव दिसू लागते. हे कासव घालवायचे तर विंडोजमधील ‘मेमरी इंटेग्रिटी’, हायपर-व्ही आणि ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ या सोयी बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा, असे सर्रास सांगितले जाते. मात्र त्याची किंमत स्पष्टपणे सांगितली जात नाही. ‘मेमरी इंटेग्रिटी’ घातक सॉफ्टवेअरला प्रणालीच्या गाभ्यात शिरू देत नाही, आणि विंडोजच्या आतून लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल २ ही सोयही याच हायपरव्हायझरवर उभी आहे. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात, तिथे थोड्या वेगासाठी ही भिंत पाडणे शहाणपणाचे नाही. त्यापेक्षा विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर तिच्यासोबत येणारे हायपर-व्हीच वापरावे. होम आवृत्तीत ते मिळत नाही, आणि तिथे लिनक्सचे काम बहुतेक वेळा डब्ल्यूएसएल २ वर भागते.

खरी कोंडी होते ती रॅमची. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज आणि ब्राउझरची काही पाने मिळून ४ ते ५ जीबी सहज व्यापतात, आणि प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली ग्राफिक्स यंत्रणाही त्याच रॅममधून वाटा घेते. अशा यंत्रावर पाहुण्या प्रणालीला ६ जीबी दिले, तर बेरीज जमत नाही. काही हायपरव्हायझर पाहुण्या प्रणालीची रॅम घट्ट धरून ठेवतात, आणि मग यजमानाचे कार्यक्रम रॅममधून हुसकले जाऊन डिस्कवर जातात. काही मात्र पाहुण्या प्रणालीचीच पाने डिस्कवर जाऊ देतात. दुसऱ्या प्रकारात विचित्र स्थिती ओढवते. वारंवार लागणाऱ्या फाइली डिस्कवरून पुन्हा वाचाव्या लागू नयेत, म्हणून पाहुणी प्रणाली त्या आपल्या रॅममध्ये साठवते. परंतु ती जिला रॅम समजते, तो भाग यजमानाने आधीच डिस्कवर टाकलेला असतो. डिस्क टाळण्यासाठी केलेली साठवण स्वतःच डिस्कवर जाऊन बसते, आणि दोन्ही प्रणाली एकाच डिस्कच्या दारात खोळंबतात.

म्हणून हिशेब यजमानापासून सुरू करावा. नेहमीची कामे उघडी ठेवून यजमानाला किती रॅम लागते ते पाहावे, त्यात एखादा जीबी मोकळा सोडावा, आणि उरेल तेवढेच पाहुण्या प्रणालीला द्यावे. ८ जीबीच्या यंत्रावर हे उत्तर २ ते ३ जीबी येते. त्यात एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप असलेले लिनक्स नीट चालते, पण विंडोज ११ चालवण्याचा हट्ट धरू नये, कारण त्याची कागदावरची किमान अटच ४ जीबीची आहे. १६ जीबीच्या यंत्रावर ६ जीबीपर्यंत जाण्यास हरकत नाही. ज्या लॅपटॉपमध्ये रॅमची जागा मोकळी आहे, तिथे आणखी एक पट्टी बसवणे हा इतर सगळ्या बदलांपेक्षा जास्त फळ देणारा खर्च होय. अनेक सडपातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावर कायमची जोडलेली असते, हे मात्र खरेदीच्या वेळीच पाहायला हवे.

कोअरच्या बाबतीतही हात आखडता ठेवणे हिताचे असते. चार कोअरच्या कित्येक प्रोसेसरवर विंडोजला आठ ‘लॉजिकल प्रोसेसर’ दिसतात, म्हणून आठही पाहुण्या प्रणालीला दिले जातात. प्रत्यक्षात एका आभासी कोअरने एखादे अंतर्गत कुलूप लावलेले असताना यजमानाने त्यालाच थांबवले, तर बाकीचे आभासी कोअर ते कुलूप उघडण्याची वाट पाहत प्रोसेसरचा वेळ नुसता जाळत राहतात. अशा प्रोसेसरवर दोन आभासी कोअर बहुतेक कामांना पुरतात. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून लॅपटॉपांत जलद आणि काटकसरी असे दोन जातींचे कोअर एकत्र नांदतात. आभासी यंत्राची खिडकी मागे गेली की विंडोज त्याचे काम काटकसरी कोअरवर ढकलू शकते, आणि तेच यंत्र एकाएकी मंदावल्यासारखे वाटते.

डिस्कचा प्रश्न मुख्यतः जुन्या लॅपटॉपांचा. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या फिरत्या डिस्कवर हवी ती जागा वाचकाखाली येण्यास सरासरी साडेपाच मिलिसेकंद लागतात, त्यात वाचक सरकण्याचा वेळ मिळवला की विखुरलेली वाचने सेकंदाला शंभरही होत नाहीत. साध्या एसएसडीवर तीच हजारोंनी होतात. फिरत्या डिस्कवर दोन प्रणाली एकत्र चालवणे व्यर्थ आहे, आणि एसएसडी बसवल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सुधारणेचा विचार करू नये. आभासी यंत्राच्या डिस्कची फाइल हळूहळू वाढणारी ठेवावी की आधीच पूर्ण आकाराची, हा वाद एसएसडीवर फारसा महत्त्वाचा राहत नाही. स्नॅपशॉटचा प्रश्न मात्र राहतो. स्नॅपशॉट म्हणजे यंत्राची त्या क्षणाची स्थिती गोठवून पुढचे बदल वेगळ्या फाइलीत लिहिणे. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून पुढची रेघ त्यावर ओढावी, तसे. दोन-तीन थर चालतात, परंतु महिनोन्महिने साठत गेलेल्या थरांतून कोणता तुकडा कुठे आहे ते शोधण्यात आणि डिस्क भरण्यात वेग खर्ची पडतो. काम झाले की जुने स्नॅपशॉट काढून टाकावेत. ते ‘डिलीट’ केल्याने बदल नष्ट होत नाहीत, मूळ फाइलीत मिसळतात. मात्र यंत्राच्या फोल्डरमधील फाइली हाताने कधीही पुसू नयेत.

पडदा अडखळतो, माउस मागे राहतो, ही तक्रार बहुधा एका वगळलेल्या पायरीमुळे उद्भवते. आभासी यंत्रात खऱ्या ग्राफिक्स व नेटवर्क कार्डांची हुबेहूब नक्कल केली, तर ती फार महाग पडते. म्हणून आपण आभासी आहोत हे जाणून हायपरव्हायझरशी थोडक्यात बोलणारे खास चालक, म्हणजे ड्रायव्हर, पाहुण्या प्रणालीत बसवतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘गेस्ट ॲडिशन्स’, व्हीएमवेअरमध्ये ‘टूल्स’, आणि लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायझरमध्ये ‘व्हर्टआयओ’ ही त्यांची नावे.

लॅपटॉप आणि टेबलावरचा संगणक यांतला मोठा फरक उष्णतेचा आहे. सडपातळ लॅपटॉपांचे कित्येक प्रोसेसर सुमारे १५ वॉटच्या सततच्या भारासाठी आखलेले असतात. ते काही क्षण त्याहून कितीतरी जास्त वेगाने धावतात आणि तापले की वेग उतरवतात. आभासी यंत्र सुरुवातीला चपळ आणि पंधरा मिनिटांनी सुस्त होत असेल, तर दोष बहुधा याच कारणाचा. पंख्याने बाहेर पडणारी उष्णता आत येणाऱ्या हवेच्या तापमानावर अवलंबून असते, त्यामुळे नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हाच लॅपटॉप डिसेंबरपेक्षा लवकर मंदावतो. जाळीतली धूळ काढणे, यंत्र गादीवर न ठेवणे आणि चार्जर जोडून वीजवापराचा पर्याय ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर नेणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

ॲपलने नोव्हेंबर २०२० पासून आणलेल्या एम१ व त्यापुढच्या प्रोसेसरांची गोष्ट निराळी. ते एआरएम घराण्याचे असल्याने एआरएमसाठीचे लिनक्स किंवा विंडोज त्यांवर उत्तम चालते. इंटेलसाठी बनवलेली प्रणाली मात्र प्रत्येक आज्ञेचे रूपांतर करतच चालवावी लागते, आणि तिथे कोणतीही जुळवाजुळव खरा वेग देऊ शकत नाही.

याउलट, कमी देऊन सगळे साधते असे एक काम मराठी प्रकाशनव्यवसायाच्या जवळचे आहे. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये जुळवलेल्या मराठी पुस्तकांच्या फाइली उघडण्यासाठी काही ठिकाणी विंडोज एक्सपी अजून लागते. या प्रणालीसाठी मायक्रोसॉफ्टने किमान ६४ एमबी रॅम सांगितली होती. आभासी यंत्रात तिला एक कोअर आणि ५१२ एमबी दिले, तर ८ जीबीच्या लॅपटॉपलाही तिचा भार जाणवत नाही. साटा जोडणीच्या एएचसीआय पद्धतीचा चालक एक्सपीत मुळात नसल्यामुळे तिची आभासी डिस्क आयडीई जोडणीवर ठेवावी. तिला मिळणारे सुरक्षा अद्यतन ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले असल्याने तिचे नेटवर्क कार्ड पूर्ण बंद करावे, आणि फाइलींची ने-आण यजमानाच्या एखाद्याच सामायिक फोल्डरमधून करावी.